निकामीचा शेरा

साहेब वीजखात्यात लाईन-निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी डोंगरातले खांब मोजले, तारा तपासल्या आणि तपासलेल्या प्रत्येक गोष्टीवर शेरे लिहिले. निवृत्तीच्या वर्षी खात्याने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा ज्या जीपमध्ये बसून ते डोंगर चढायचे तीच त्यांनी घेतली.

"घरी एक निवृत्त माणूस येणारच होता," बाई म्हणाल्या, "त्याने येताना सोबत आणली."

बाई म्हणजे साहेबांची बायको. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणायची. साहेबही म्हणायचे.

सहा वर्षं जीप गुणाने चालली. सातव्या वर्षी ती निळा धूर ओकायला लागली. तिचा आवाज कानावर आला की शेजारीण दोरीवरचे कपडे आत घ्यायला धावायची. तेल पाण्यासारखं लागत होतं आणि पाणी कुठे जात होतं ते कळत नव्हतं. शेवटी एका सकाळी टेकडीवरच्या टाकीकडे जाताना अर्ध्या चढावर तिने मान टाकली. एका ट्रॅक्टरने तिला ओढत गॅरेजपर्यंत आणलं. साहेब स्टिअरिंगवर ताठ बसले होते आणि ओळखीच्या माणसांच्या नजरा चुकवत होते.

गॅरेजच्या मिस्त्रीने इंजिन उतरवलं, हेड काढलं, आत बोट फिरवलं आणि बोट पुसत म्हणाला, "साहेब, हे दोनदा बोअर झालंय. आता तिसऱ्यांदा कातलं तर भिंतीत काही उरणार नाही. म्हणाल तर बांधून देतो, पण जबाबदारी घेत नाही."

"आणि बदललं तर?"

"तर दुसरं शोधायचं. पण या जातीचं इंजिन आता बनत नाही. कुठे पडलेलं असेल तर."

"तुझं मत काय ते लिहून दे."

"मी लिहीत नाही साहेब. मी उघडून बघतो."

घरी येऊन साहेबांनी कागदावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'दुरुस्ती', दुसऱ्या बाजूला 'बदल'. तीन आठवडे तो कागद जेवणाच्या टेबलावर पडून होता. सकाळी एका बाजूला एक ओळ वाढायची, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. साहेबांचं म्हणणं असं की वस्तू बदलायला सांगणं सोपं असतं, पण नीट तपासल्याशिवाय वस्तू टाकून देणं हा आळस आहे. हे त्यांनी धाकट्या भावाला फोनवर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि बाईंना तर रोजच सांगत होते. जिला बोर्डाच्या परीक्षेचे पेपर तपासायची सवय आहे तिला एक कागद किती दिवस छळणार? चौथ्या आठवड्यात बाईंनी तो उचलला, वाचला आणि लाल पेनाने खाली लिहिलं, 'उत्तर अपूर्ण. वेळ संपली.'

मग साहेब भंगाराच्या यार्डात गेले.

यार्ड गावाबाहेर होतं. ते चालवणारी मालकीण साठीची, अंगाने दणकट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा गेल्यापासून सगळा कारभार तिच्याच हातात होता आणि सगळे तिला मावशी म्हणायचे. साहेबांनी गाडीचं मॉडेल सांगताच ती एकही प्रश्न न विचारता चालायला लागली. गंजलेल्या दारांच्या भिंती आणि टायरांचे ढीग ओलांडून ते एका पत्र्याच्या शेडमध्ये आले. तिथे मावशीने ताडपत्री ओढली. खाली एक इंजिन होतं. ग्रीस चोपडून ठेवलेलं, भोकांना फडक्याचे बोळे लावलेले.

"या जातीचं एवढं एकच आहे. चौदा वर्षं झाली. आमच्या यांनी सरकारी लॉटमध्ये घेतलं होतं."

"चालतं?"

"निकामी म्हणून आलं होतं. चिठ्ठीच लटकत होती गळ्यात. यांनी उघडलं तर हेडचं गॅस्केट तेवढं गेलेलं. बाकी आत नव्या नवरीसारखं."

साहेबांनी चष्मा पुसला. "फक्त गॅस्केट? आणि आख्खं इंजिन निकामी?"

"साहेब लोक उघडून बघत नाहीत हो. खुर्चीतून सही करतात."

साहेब मनापासून हसले. एवढे की त्यांना टायरावर टेकावं लागलं. "कोण महाभाग असेल हा," ते म्हणाले. "असल्या माणसांमुळेच खाती बुडतात." मावशीने पावतीवर इंजिनचा नंबर घातला. साहेबांनी तो स्वतः दोनदा ताडून बघितला, पावतीची घडी केली आणि खिशाचं बटण लावलं.

मिस्त्रीने इंजिन उघडलं, पाहिलं, नवीन गॅस्केट टाकलं आणि आठ दिवसांत बसवलं. पहिल्याच किल्लीला ते सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. मिस्त्री क्वचितच काही बोलायचा, पण त्या दिवशी म्हणाला, "साहेब, हे मागच्यापेक्षा चांगलं आहे."

पुढचे पंधरा दिवस साहेबांना गोष्ट सांगायला तोंड पुरेना. खुर्चीतून न उठणारा तो अधिकारी प्रत्येक वेळी थोडा जाडा, थोडा आळशी होत गेला. न्हाव्याच्या दुकानात त्याला ढेरी आली. धाकट्या भावाच्या घरी पोचेपर्यंत तो दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपायलाही लागला होता.

इंजिन बदललं की नोंद करावी लागते. नियमाचं काम साहेब कधी उद्यावर टाकत नसत. वाहन नोंदणीच्या कार्यालयात ते गाडीचं पुस्तक, पावती आणि तीन प्रतींतला अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने पुस्तक पाहिलं, पावती पाहिली, बाहेर येऊन बॅटरीच्या उजेडात इंजिनवरचा नंबर पाहिला, परत आत जाऊन पुस्तक पाहिलं.

"बदल कशाचा नोंदवायचा?" त्याने विचारलं.

"इंजिनचा. अर्जात लिहिलंय."

"पुस्तकात जो नंबर आहे तोच इंजिनवर आहे. तोच पावतीवर आहे. काहीच बदललेलं नाही."

"अहो, मी स्वतः बदलून घेतलंय."

"मग आधी जे होतं ते कोणाचं होतं?" कारकून पुस्तक परत करत म्हणाला. "त्याची इथे नोंद नाही. मधली वर्षं तुमची गाडी नियमात नव्हती. आता बसली. पुढचे या."

साहेब बाहेर जीपमध्ये येऊन बसले. किल्ली हातात होती, पण बराच वेळ त्यांनी ती फिरवली नाही. चौदा वर्षांपूर्वी खात्याच्या वर्कशॉपने या जीपमध्ये दुसरं इंजिन घातलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं. जुनं का काढलं, हे आठवत नव्हतं.

आठवावं लागलंच नाही. साहेबांनी आपल्या प्रत्येक शेऱ्याची कार्बन प्रत घरी ठेवली होती, कपाटाच्या वरच्या खणात, वर्षवार. बाईंनी स्टुलावर चढून ते वर्ष काढलं आणि शाळेच्या प्रार्थनेनंतर सूचना वाचाव्यात तशा आवाजात वाचलं, "इंजिन तपासले. पूर्णतः निकामी. दुरुस्ती अव्यवहार्य. नवीन बसवावे." मग चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारलं, "खाली सही कोणाची आहे, ओळखता का?"

साहेबांनी मान डोलावली.

"तेव्हा उघडून पाहिलं होतं?"

"पाहिलं असेल."

"असेल?"

"वर्कशॉप समोरच होतं," साहेब हळूच म्हणाले. "अंगण ओलांडायचं, बस. त्या दिवशी टेबलावर चाळीस कागद होते. वर्कशॉपवाल्याने सांगितलं, गेलं. मी लिहिलं, गेलं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "चाळीसही नसतील."

बाईंनी प्रत फाईलमध्ये लावली आणि फाईल जागेवर ठेवली. हसल्या नाहीत. साहेबांना त्याचंच जास्त लागलं.

आता गोष्ट दुरुस्त करणं भाग होतं. साहेब न्हाव्याकडे गेले आणि आरशातून त्याच्याकडे पाहत म्हणाले, "तो अधिकारी मीच होतो." न्हावी कात्री थांबवून हसला. "साहेब, तुम्ही पण ना. त्याला ढेरी होती." मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि स्पार्क प्लग घासत राहिला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊ नकोस. तुझा स्वभावच तसा, पहिल्यापासून."

मग निवृत्त कर्मचाऱ्यांची मासिक सभा झाली. साहेबांनी तिथे उभं राहून सगळं सांगितलं, तारखेसकट, शेऱ्यासकट. काही लपवलं नाही. टाळ्या वाजल्या. अध्यक्ष म्हणाले, खात्याच्या चुका आपल्या शिरावर घेणारी माणसं आता दुर्मीळ झाली. साहेबांना शाल दिली. शेजारच्या खुर्चीतला, तेव्हा स्टोअर सांभाळणारा जुना सहकारी त्यांच्या कानाशी लागून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका हो. तेव्हा बघत कोण होतं?" आणि घाईघाईने चहा आणायला उठला.

दुसऱ्या दिवशी साहेब जीप घेऊन यार्डात गेले. मावशी एका पंपाच्या मोटारीवर वाकली होती. साहेब तिच्यासमोर उभे राहिले, चिठ्ठी कोणाची होती ते एका दमात सांगून टाकलं आणि तिच्या तोंडाकडे पाहू लागले.

"बरं," मावशी म्हणाली.

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?"

"कशाचं? सही कोणीतरी केलीच असणार ना. ते कोणीतरी कधी तरी माझ्याकडे येणारच. हे यार्ड तुमच्याच सह्यांवर उभं राहिलंय. दोन मुली यावरच शिकवल्या मी." तिने मागे हात केला. तिथे मोटारी, जनित्रं, इंजिनं ओळीने पडली होती आणि बऱ्याच जणांच्या गळ्यात अजून चिठ्ठ्या होत्या. "यातल्या अर्ध्या चालतात. कुठल्या अर्ध्या, ते उघडल्याशिवाय कळत नाही. मला एकटीला होत नाही आता."

साहेबांना तो टोमणा वाटला. मग वाटलं, नसावा. ते थोडा वेळ तिथेच घुटमळले.

"मला उघडता येत नाही," ते शेवटी म्हणाले. एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं.

मावशीने कमरेच्या फडक्याने एक पाना पुसला आणि त्यांच्या हातात दिला. साहेबांनी बाह्या दुमडल्या, मोटारीपाशी उकिडवे बसले आणि बोल्टाला पाना लावला. मावशीने काही न बोलता त्यांचं मनगट धरून तो उलटा केला.