शुभेच्छुकांच्या रांगेत

सीमेवरच्या आमच्या इचोड्याच्या चौकात माझा फोटो लागलाय, हे मला भाजीवाल्या रुक्माबाईनं सांगितलं. मी हसले. लोकांचे फ्लेक्स करणारी मी, माझा कोण लावतंय?

तरी जाऊन पाहिलं. अमृतरावांच्या वाढदिवसाचा तो फ्लेक्स मीच घरी बसून, मन लावून केला होता. त्यांचा एकट्याचा चेहरा, तेलुगूत एक ओळ, मराठीत एक, बाकी मोकळी जागा. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'रचना : रश्मी' आणि माझा नंबर. मला दुकान नाही, पाटी नाही; तो कोपरा हीच माझी पाटी. आता फ्लेक्सवर मोकळी जागा औषधालाही उरली नव्हती. शुभेच्छुकांच्या गोल फोटोंच्या दोन रांगा आणि त्यात अमृतरावांची माणसं, भगवंतराव व भिवाजी, यांच्या मधोमध मी. चुलतबहिणीच्या लग्नातला, नथ घातलेला, व्हॉट्सॲपवरून उचललेला फोटो.

मला धड रागही येईना. आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. मग एकदम ध्यानात आलं. पंचायतीची निवडणूक तोंडावर आलेली. अमृतराव उभे राहणार होते आणि त्यांच्या विरोधातले सुधाकररावही माझ्याकडूनच काम करून घेत होते. दोघांचा माझ्यावर भरवसा होता तो एवढ्याचसाठी, की मी इकडचं तिकडे करत नाही. ते नाव गेलं तर मला गावात कोण दारात उभं करणार?

तणतणत अमृतरावांकडे गेले. काम देताना कुणाला बदलता येणार नाही अशी बंद फाइल द्यायची, ही माझी रीत. पण छापताना कार्यक्रमाची वेळ बदलावी लागेल म्हणून त्यांनी उघडी मागितली होती आणि मी भोळी, दिली होती. त्यांनी चहा सांगितला. एवढी जागा रिकामी ठेवली असती तर माणसं रुसली असती, म्हणून भरली, म्हणाले. मग माझा फोटो कशाला, मी विचारलं.

"पाह्य पोरी, खाली तुयं नाव होतं, फोटो नव्हता. आमाले वाटलं, लाजून राह्यली. तसंच ठेवलं असतं तर बरं दिसलं असतं काय?"

फ्लेक्सवर खाली नाव म्हणजे शुभेच्छुक. त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि हळूच विचारलं, मग फोटो काढायचा म्हणतेस? आमच्यात राहायचं नाही का? काढा म्हणावं तर त्यांचा अपमान, राहू द्या म्हणावं तर मी त्यांची. मी चहा संपवला आणि उठले.

तिथून तशीच सुधाकररावांकडे गेले. वाटभर जुळवलेलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ते सारं ठीक हाये. पण मंग आमच्या फ्लेक्सवर काऊन नाही तू?"

मला हसावं की रडावं कळेना. फोटो दिला नसता तर मी अमृतरावांची ठरले असते, म्हणून दिला. उघडी फाइलही मागितली, तीही दिली.

आता चौकात दोन फ्लेक्स समोरासमोर आहेत आणि दोन्हींतून मी हसते आहे. सुधाकररावांच्या माणसांनी फोटोखाली माझं नाव टाकलं आणि कोपऱ्यातलं रचनेचं, नंबरासकट, पुसून टाकलं. एकच नाव दोनदा कशाला, असा त्यांचा हिशेब. माझं नाव राहिलं की बुडालं, हे मला अजून कळलेलं नाही. परवा बँकेतल्या शिपायानंही मला नमस्कार केला.

रुक्माबाईला मात्र माझं फार कौतुक. त्या दिवशी ती चौकातच बसली होती; मेथीची जुडी झटकत म्हणाली, "दोन्हीकडं तूच. लय मोठी झाली बाई." मग जरा थांबली. "पण तू काम काय करतं?"

मी फ्लेक्सकडे बोट दाखवायला हात उचलला. आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि पिशवी पुढे केली.