रगतवाले बुवा

"बोट पुढं करा, जानराव. मुंगी चावल्याइतकंच दुखेल."

डॉक्टर ललिताबाईंच्या एका हातात स्पिरिटचा बोळा होता, दुसऱ्यात सुई. जानरावांनी उजवा हात पाठीमागे लपवला आणि डावा पुढे केला. जायचाच असेल तर डावा जावा, असा काहीसा तो हिशेब होता. सुई टोचली. बोटाच्या शेंड्यावर लाल मणी उभा राहिला, आणि बाईंनी तो काचपट्टीवर उतरवला. डोळे मिटून त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली. 'प्रभू, माझे रक्त जुळू देऊ नकोस,' एवढीच ती होती. आयुष्यभर ज्याने चारचौघांत मोठ्याने प्रार्थना केली, त्याने ही एक प्रार्थना मात्र पुढे कोणालाच सांगितली नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षे झाली असतील. वाशीमहून मालेगावकडे जाणाऱ्या सडकेला लागून मिशनचा एक लहानसा दवाखाना होता. त्याच्या आवारात, कौलारू खोलीत, जानराव आणि त्यांची पत्नी गिरजाबाई राहत. जानराव मिशनचे उपदेशक. रिसोडच्या, मालेगावच्या बाजारात निंबाच्या सावलीला पोते अंथरावे, खंजिरी वाजवून दोन गाणी म्हणावीत, आणि जमेल त्या गर्दीला सांगावे की एका निष्पाप माणसाने सर्वांसाठी आपले रक्त सांडले. हे त्यांचे काम. त्यांच्या तोंडी 'रगत' हा शब्द इतक्यांदा येई की बाजाराने त्यांचे नावच पाडले होते. "आले रे, रगतवाले बुवा आले!" असे बांगडीवाले, गूळवाले दुरूनच ओरडत. जानरावांना त्याचा राग येत नसे. प्रभूच्या निमित्ताने मिळालेले नाव ते, असे मानून ते हसत.

त्या दिवशीही ते रिसोडच्या बाजारालाच निघाले होते. खांद्याला झोळी, झोळीत खंजिरी, आणि दवाखान्याच्या फाटकापाशी मोटारीची वाट पाहणे चालले होते. एवढ्यात धूळ उडवीत बैलगाडी आली. गाडीत जवळच्या बंजारा तांड्याचे प्रमुख दौलतसिंग नाईक यांची सून रुपाबाई आडवी पडलेली होती. पहाटे तांड्यात तिला मुलगा झाला, मूल धडधाकट होते. पण बाईचे रक्त थांबत नव्हते. गाडीच्या फळ्यांमधून ते खाली गळत आले होते, आणि सडकेच्या धुळीत त्याची एक बारीक काळी रेघ फाटकापर्यंत उमटली होती. ती रेघ जानरावांनी पाहिली आणि नजर वळवली.

नाईकांनीही त्यांना पाहून मान फिरवली. दोघांची ओळख होती, पण ती गोड नव्हती. मागे एकदा रिसोडच्या भर बाजारात नाईक गर्दीतून पुढे आले होते आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले होते, "तुया देवानं रगत देल्लं म्हंतं. बरं, देल्लं. तू काय देतं रे? दोन गाने?" सारा बाजार खदखदून हसला होता. त्या दिवशी जानरावांना उत्तर सुचले नाही. घरी परतताना वाटेने पुष्कळ सुचली, पण ती ऐकायला सडकेवर कोणी नव्हते.

ललिताबाईंनी बाईला तपासले आणि बाहेर येऊन स्पष्टच सांगितले, "हिला दुसऱ्याचं रक्त द्यावं लागेल. नाहीतर ही संध्याकाळ पाहणार नाही."

नवरा हेमसिंग पुढे झाला. त्याचे जुळले नाही. नाईकांनी बोट दिले, तेही जुळले नाही. बाईंनी स्वतःचे पाहिले, नर्सचे पाहिले. काचपट्टीवर थेंबाला थेंब मिळाला की रक्ताचे दाणे धरत, म्हणजे जुळत नसे. हेमसिंगचा धाकटा भाऊ मदनसिंग "बैलाले पानी दाखोतो" म्हणून जो गेला तो परत आलाच नाही. तेव्हा बाईंची नजर फाटकापाशी उभ्या असलेल्या जानरावांवर गेली.

आता जानरावांचा थेंब तपासून त्या सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाल्या, "जुळलं! देवाची कृपा, जानराव, तुमचं जुळलं! एक बाटली लागेल. चला, आडवे व्हा."

एक बाटली. जानरावांच्या कानांत तो शब्द विहिरीत दगड पडावा तसा पडला आणि खोल खोल जात राहिला.

त्यांचा चुलतभाऊ चंपत लढाईच्या दिवसांत नागपुरास गेला होता. तिथे शिपायांसाठी त्याने बाटलीभर रक्त दिले. त्याला एक केळे आणि गोड चहा मिळाला, आणि वर्ष फिरायच्या आत तो खोकत खोकत मेला. चंपतला आधीपासून छातीचे दुखणे असेल, हे कोणाच्या मनात आले नाही. वस्तीने एकच धडा घेतला. जानरावांची आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "हीरीले झरा असते, बापा. अंगातल्या रगताले झरा नसते. जे गेलं ते गेलं." जानरावांच्या लेखी हे अंगणातल्या उन्हाइतके खरे होते. आज आडवे झाले की उरलेले आयुष्य त्या काचेच्या बाटलीत जाणार.

'बाई, बाटली देऊन माणूस किती दिवस जगतो?' एवढेच विचारायचे होते. ओठांपर्यंत आले. पण बारा वर्षे ज्याने बाजारोबाजार दुसऱ्याच्या रक्ताची थोरवी गायली, त्याने आपल्या रक्ताचा भाव कोणत्या तोंडाने करावा?

"बाई, घरी सांगून येऊ काय?"

"धावत जा, धावत या."

गिरजाबाई अंगणात बसून ज्वारी पाखडीत होत्या. जानराव समोर उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले.

"मोटार नाई आली काय?" गिरजाबाईंनी विचारले.

"येईन. अवं, बकरी व्याली म्हंजे तिले विकजो नोको. अन् पावसाच्या आंधी कवलं फेरजो. जावायाले सांगजो, तो करीन."

सूप थांबले. "काहून? तुमी कुठी चालले?"

जानरावांनी सांगितले. सांगताना त्यांचा आवाज बाजारातल्यासारखा चढला नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या घरची बातमी सांगावी तसे ते बोलले. गिरजाबाईंच्या मांडीवरचे सूप कलंडले आणि ज्वारी अंगणभर झाली.

"चंपतभाऊचं इसरले काय तुमी?"

"नाई इसरलो."

"अन् कोनासाठी? त्या नाईकाच्या सुनेसाठी? तुमी तांड्यात गेले तं त्यानं तुमाले पानी तरी इचारलं काय कदी? भर बाजारात हासला तो तुमाले! मंग मी काय करू? मले कोनाच्या भरवशावर ठेवून राह्यले?"

"गिरजा, मले लय भेव वाटून राह्यलं," जानराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी लग्न झाल्यापासून कधी उच्चारले नव्हते. गिरजाबाई उठल्या, पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "ती बाई बी कोनाची लेकच हाये. जा." आणि ज्वारी वेचायला खाली बसल्या. त्यांचे हात वेचत होते, पण एकही दाणा सुपात पडत नव्हता.

परतताना ते फाटकासमोर आले, तोच मोटार आली. फाटकापाशी ती थांबली आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. "चाला ना, रगतवाले! बाजार भरून राह्यला तिकळे!"

झोळी खांद्यालाच होती. मोटारीचे दार उघडे होते. पाठमोऱ्या बसलेल्या दोन म्हाताऱ्या जागा करून सरकल्याही. जानरावांचा एक पाय सडकेच्या बाजूला वळला. त्याच क्षणी त्यांची नजर खाली गेली. धुळीतली ती काळी रेघ आता सुकली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. रेघ फाटकातून आत गेली होती. जानराव तिच्या कडेने, तिच्यावर पाय पडू नये अशा बेताने, आत चालत गेले. मागे मोटार निघून गेल्याचा आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

खाटेवर आडवे झाल्यावर त्यांनी छताकडे पाहायचे ठरवले होते. पण नजर पुनःपुन्हा शेजारच्या खाटेकडे जाई. रुपाबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. हातांतले बलोये, ते हाडाचे पांढरे चुडे, आणि तिचे मनगट यांत रंगाचा फरक उरला नव्हता. बाईंनी जानरावांच्या दंडाला रबरी नळी आवळली आणि हातात गुंडाळलेली पट्टी दिली.

"मूठ उघडा, मिटा. उघडा, मिटा."

सुई आत गेली. जानरावांना खालून बाटलीत पडणाऱ्या धारेचा बारीक आवाज ऐकू येऊ लागला. मूठ उघडली की वाटे, आता बंद ठेवावी. बंद केली की वाटे, आता उघडूच नये. तरी ती उघडत राहिली, मिटत राहिली. त्यांना आपले सारे उपदेश आठवले, आणि त्यांतल्या एकाही वाक्याला भीतीचा वास नव्हता, हे ध्यानात येऊन त्यांना त्या थंडगार खाटेवर लाज वाटली. ज्याच्याविषयी आपण एवढे बोललो तोही भ्याला असेल, आणि हे आपण कधी कोणाला सांगितलेच नाही.

बाटली भरली. बाई ती उचलून नेताना ती त्यांच्या हाताला लागली तेव्हा जानरावांना कळले की काच ऊन झाली आहे.

नर्सने त्यांना गोड चहा दिला. चंपतलाही चहाच दिला होता. जानरावांनी तो एकेक घोट करून, शेवटचा घोट पेल्यात ठेवून ठेवून प्यायला.

तेवढ्यात दौलतसिंग नाईक आत आले. दाराकडे एकदा पाहून त्यांनी आवाज उतरवला. बाजारातला तो दांडगा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"बुवा, हात जोडतो. रगत कोनाचं हे इथंच राहू द्या. मदन्याले बी सांगतलं नाई म्या. किरिस्तावाचं रगत अंगात गेलं हे तांड्यात समजलं तं पंच बसतीन. पोरीले चुलीजवळ येऊ देनार नाईत. लेकराले तिचं दूध पाजू देनार नाईत."

"नाईक," जानराव म्हणाले, "मी सांगाले उरतो काय?"

नाईकांना ते समजले नाही. त्यांनी हात जोडलेलेच ठेवले. "सबद द्या."

"देल्ला."

घरी गिरजाबाईंनी गोधडी अंथरून ठेवली होती. जानराव तीवर पडले. गिरजाबाई उशाशी बसल्या. उन्हे भिंतीवरून सरकत गेली.

"काई होते काय?"

"नाई."

बऱ्याच वेळाने, "आता?"

"नाई. भूक लागली."

गिरजाबाईंनी भाकर केली आणि ती त्यांना खाताना पाहून त्या तोंडाला पदर लावून रडल्या. दिवे लागले, दिवस उजाडला. जानराव मेले नाहीत. पण आज नाही म्हणजे उद्या, अशा धास्तीने ते अंगणातच वावरू लागले. चालताना भिंतीला हात लावीत, जिना चढावा तसा उंबरठा चढत. रुपाबाई मात्र उठून बसली, आणि एके सकाळी त्याच बैलगाडीतून तांड्याला परत गेली. जाताना तिने जानरावांच्या खोलीकडे पाहिलेही नाही; तिला ठाऊकच नव्हते.

ललिताबाई विचारपूस करायला आल्या तेव्हा गिरजाबाईंनी धीर करून सारे बोलून टाकले. बाई आधी हसल्या. मग जानरावांचे तोंड पाहून त्यांचे हसू मावळले.

"अहो, रक्त पुन्हा भरतं. झरा असतो त्याला. थोड्या दिवसांत होतं तेवढं होईल. तुम्ही मला विचारलं का नाही?"

बाई गेल्यावरही जानराव तसेच बसून राहिले. जीव वाचला याचा आनंद व्हावा, तर त्यांना काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटत होते. आपण प्राण दिला असे ज्याने मानले, त्याला कळले की त्याने बाटलीभर दिले, आणि तेही परत मिळणार आहे.

"एवढंसंच होतं तं," ते पुटपुटले.

गिरजाबाई चुलीपाशी होत्या. मागे न वळता त्या म्हणाल्या, "डाक्तरीनबाईले ठावं होतं एवढंसं हाये म्हनून. तुमाले ठावं होतं काय? मंग? तुमचं तुमी देल्लंच."

पुढच्या रिसोडच्या बाजाराला जानराव गेले. निंबाखाली पोते अंथरले. "ओ रगतवाले, कुठी होते इतके दिस? वाळले लय!" बांगडीवाला ओरडला. खंजिरी वाजवायला त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. गर्दी जमली. तिच्यात तांड्याची माणसे होती. पुढे मदनसिंग होता, बैलांना पाणी दाखवायला गेलेला तोच. आणि त्याच्या खांद्यामागे दौलतसिंग नाईक.

मदनसिंगाला बापाची ती जुनी थट्टा पाठ होती. कमरेवर हात ठेवून त्याने ती जशीच्या तशी काढली. "देवाचं रगत सांगतं, बुवा. तू काय देतं रे? दोन गाने?"

बाजार हसला.

याच प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून जानराव कितीतरी रात्री तळमळले होते. आज उत्तर होते. ते त्यांच्या डाव्या दंडावर, कोपराच्या आत, निळेजांभळे पडून सर्वांसमोर उघडे होते. त्यांनी नाईकांकडे पाहिले. नाईकांचा चेहरा भीतीने पार उतरला होता. ओठ सुकले होते, नजर त्या डागावर खिळली होती. ती भीती जानरावांना अनोळखी नव्हती. काही दिवसांपूर्वी तिला घेऊनच ते सडकेवरची रेघ चालले होते.

त्यांनी डावी बाही हळूच खाली ओढली, मनगटाशी नीट बसवली.

"हो, बा," ते मदनसिंगाला म्हणाले, "दोन गाने. गरिबापाशी दुसरं काय असते?"

पुन्हा हशा झाला. जानरावांनी खंजिरीवर थाप मारली आणि गाऊ लागले. आवाज अजून थकलेला होता, वरच्या सुरांना पोचत नव्हता. माणसे एकेक करून पांगली. मदनसिंगाने नाईकांची बाही ओढली.

"चाला ना, बा. ढोरं पाहाची हायेत."

नाईक खाली वाकले आणि पोत्याच्या कडेवर, उन्हात, मांडी घालून बसले.

"थांब," ते म्हणाले. "दोनी गाने होऊ दे."