हुदहुदाचा अंतरपाट

धावड्यात आणि आसपासच्या गावांत मच्छिंद्रनं जेवढी लग्नं टिपली, तेवढी एखाद्या भटजीनंही लावली नसतील. पण "काय फोटो काढलाय!" असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लोक अल्बम उघडायचे, आपापलं तोंड शोधायचे, पोट सुटलेलं दिसलं की फोटोवाल्याला बोल लावायचे. मग अल्बम कपाटात जायचा.

आणि चुलतभाऊ कचरू? जन्मभर एसटी चालवली, निवृत्त झाल्यावर मुलाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवला आणि बांधाबांधानं पाखरं शोधत हिंडायला लागला. पिलाला चारा भरवणाऱ्या कोतवाल पाखराचा त्याचा एक फोटो शाळेनं मोठा करून भिंतीला लावला. प्रजासत्ताक दिनी त्याला शाल-नारळ दिला. त्या सत्काराचा फोटो काढायला बोलावलं कुणाला, तर मच्छिंद्रला. "जरा हसा, दादा," असं त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं होतं. ती शाल त्याच्या डोळ्यांत कुसळासारखी रुतली ती रुतलीच.

घरी तरी सुख असावं, तर बायकोनं, बेबीनंदानं, कोतवालाचा तोच फोटो छापलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं. एकदा भाकरी थापता थापता ती सहज म्हणाली, "तुमचा एखादा फोटो असा जित्ता का न्हाई वाटत हो?"

मच्छिंद्र ताटावरून उठला नाही, पण त्या दिवशी दुसरी भाकरीही त्यानं मागितली नाही. एक जित्ता फोटो काढायचा आणि त्या कॅलेंडरवर डकवायचा, एवढंच त्याच्या मनानं घेतलं.

वैशाखात तशी संधी चालून आली. दोघांच्या शेतांमधली विहीर वाडवडिलांपासून निम्मी-निम्मी. मोटारी दोघांच्या आपापल्या काठावर, पण चालायच्या पाळीनं. त्या वर्षी हुदहुद पाखरांच्या जोडीनं विहिरीच्या दगडांतल्या कपारीत घरटं केलं, आणि ते नेमकं कचरूच्या निम्म्यात. पण गंमत अशी, की कचरू आपल्या काठावर उभा राहिला की घरटं बरोबर त्याच्या पायाखाली यायचं. पिलांचा कालवा ऐकू यायचा, नाकात दर्प शिरायचा, दिसायचं काहीच नाही. दिसायचं ते समोरच्या काठावरून, म्हणजे मच्छिंद्रच्या निम्म्यातून.

कचरू विचारायला आला. दोन-चार सकाळी तुझ्या काठावर बसू का, म्हणाला.

"घरटं तुझ्या निम्म्यात हाय ना दादा?" मच्छिंद्र म्हणाला. "मंग तुझ्याच निम्म्यातून काढ."

कचरू हसला आणि गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. ते हसणं मच्छिंद्रला दिवसभर चावत राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आपल्या काठावर कॅमेरा लावून बसला. तुरेवालं पाखरू चोचीत अळी घेऊन आलं, कपारीपुढच्या पिंपळाच्या रोपावर टेकलं आणि पानांआड शिरलं. फोटोत आलं काय, तर चार पानं आणि शेपटीचं टोक. पुन्हा आलं, पुन्हा तेच.

मच्छिंद्रचे हात शिवशिवायला लागले. नवरीच्या तोंडावर मुंडावळी आली की सरकवायची, पदर घसरला की सारखा करायला सांगायचा, यातच त्याची हयात गेलेली. तोंडापुढचा आडोसा त्याला बघवायचा नाही. त्यानं लांब बांबूला कोयता बांधला, काठावरून पुढं वाकला आणि रोप छाटून टाकलं.

कपार उघडी पडली. आत तीन लांबट चोची. मच्छिंद्र खूश होऊन बसला.

पण पाखरं येईनात. अळी चोचीत धरून मोटारीच्या पाइपावर बसायची, तुरा उघडायची, मिटायची, मच्छिंद्रकडं बघायची आणि उडून जायची. ऊन सरळ कपारीत घुसलं. पिलं आधी ओरडली, मग त्यांचा आवाज बारीक होत गेला. तेवढ्यात समोरच्या काठावर एक कावळा येऊन बसला. मच्छिंद्रनं ढेकूळ फेकलं. कावळा उडाला आणि बाभळीवर जाऊन बसला. उठून जावं तर कावळा पिलं नेणार, बसून राहावं तर आईबाप चारा देणार नाहीत. कॅमेरा पुढ्यात आणि घाम पाठीवर, अशी त्याची गत झाली.

मोटारीच्या पाळीला कचरू आला, तेव्हा तो तसाच बसलेला. कचरूनं कपार बघितली, पाण्यात तरंगणारं रोप बघितलं.

"एवढी लग्नं टिपली तू," तो म्हणाला. "मुहूर्ताच्या आधी अंतरपाट कुणी ओढतं का रं?"

मच्छिंद्रनं कोयत्याचा बांबू पायानं मागं सरकवला. या वयात, आणि ते कचरूकडून, लग्नातली गोष्ट ऐकून घ्यावी लागावी!

कचरूनं चपला काढल्या. लिंबाची डहाळी तोडली, विहिरीच्या पायऱ्या उतरला आणि रोप होतं तिथंच दगडांच्या फटीत ती खोचली. फक्त एका अंगाला थोडी फट ठेवली. मग वर येऊन त्यानं आपल्या मोटारीवरचं झाकण ओढून काढलं आणि ते मच्छिंद्रच्या काठावर आणलं. तेलानं काळं पडलेलं, ठिणगीनं एका जागी जळून भोक पडलेलं.

ती शाल होती. सत्काराची.

मच्छिंद्र बघतच राहिला. ज्या शालीनं त्याची झोप खाल्ली, ती याच्या मोटारीवर धूळ खात होती.

कचरूनं तिचं एक टोक मच्छिंद्रच्या मोटारीच्या खांबाला बांधलं. वारं होतं म्हणून दुसरं टोक हातात ताणून धरलं. "भोकातून कॅमेरा लाव," तो हळूच म्हणाला. "तू काढ, मी धरतो."

थोड्या वेळानं नर आला. डहाळीवर टेकला, इकडंतिकडं बघितलं. पिलांनी माना बाहेर काढल्या, लाल तोंडं वासली. मच्छिंद्रनं बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो तर अळीचा अर्धा भाग बापाच्या चोचीत, अर्धा पिलाच्या, आणि तुरा पंख्यासारखा उघडलेला. जित्ता फोटो.

"दादा, बघ," तो कुजबुजला.

कचरूनं मान वळवलीच नाही. शालीच्या कडेतून त्याची नजर कपारीला खिळलेली, आणि त्या पिलांसारखं त्याचंही तोंड थोडं उघडं. "थांब रं," तो म्हणाला. "मादी आली. बघ, मोठ्याला ढकलून बारक्याला देऊन राह्यली."

मच्छिंद्रनं घाईनं भोकाला डोळा लावला. त्याला एक चोच दिसली आणि लिंबाचं पान. सगळं घरदार कचरूला दिसत होतं. फोटो हातात असून त्याच्या छातीत पुन्हा तीच जुनी कळ उठली.

"आण इकडं," त्यानं शालीच्या टोकाला हात घातला. "मी धरतो. तू काढ आता."

कचरू त्याच्याकडं बघून हसला. कॅमेरा घेतला. "बराबर धर," म्हणाला, "हलवू नको."

मच्छिंद्रनं शाल दोन्ही हातांनी घट्ट ताणली आणि कडेतून बघायला लागला.