संपलो नाहीये अजून, थांबा

मी एक गाणं बोलतोय. हो, तेच ते, 'दार उघडेना'. आता प्लीज गुणगुणायला लागू नका. माझं नाव काढलं की लोक लगेच 'टिंग-टुंग' करून मान हलवायला लागतात आणि मग माझं म्हणणं राहतं बाजूला. गेले कित्येक महिने हेच चाललंय.

मी युगुलगीत आहे. सिंथ-पॉप. म्हणजे वाद्यं सगळी यंत्रातली आणि दुःख तेवढं खरं. एक तो आहे, एक ती आहे, प्रेम होतं, आता नाहीये. ऐकणाऱ्याने निदान खाली बसावं, एवढी माझी माफक अपेक्षा होती. लोक माझ्यावर उठाबशा काढतात.

लोकांना वाटतं माझा जन्म स्टुडिओत झाला. चूक. माझा जन्म एका बेलमध्ये झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका दाराबाहेर पांढरी, थोडी पिवळी पडलेली बेल होती. दाबली की टिंग, सोडली की टुंग. ते माझे पहिले दोन सूर. बरं चाललं होतं माझं. दूधवाला यायचा, गॅसवाला यायचा, मी वाजायचो, दार उघडायचं. मला कुणी 'हिट' म्हणत नव्हतं, पण माझं काम व्हायचं.

त्या घरात ती राहायची. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवून म्हणायची, "शेवटची ओळ वाचा." कुणालाच वाचता यायची नाही. संध्याकाळी ती गायची, आणि तिच्याबरोबर तो. त्याच्या प्रत्येक खिशातून वायरी लोंबायच्या म्हणून ती त्याला वायऱ्या म्हणायची. जुनी खेळणी, बिघडलेले रेडिओ, कॅल्क्युलेटर असलं काहीबाही उघडून तो त्यातून सूर काढायचा आणि एकेका डब्यात बसवायचा. कानांवर कायम हेडफोन. आंघोळीला जाताना तेवढे काढायचा, तेही ती ओरडल्यावर.

एक दिवस त्याने मला वाजवलं आणि हसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याने बेलचं पोट उघडलं.

"अरे, बेल का उपटतोयस?" तिने विचारलं.

"काय सूर आहे बघ ना! दोन दिवसांत परत बसवतो."

"मिक्सरपण दोन दिवसांसाठीच नेला होतास."

"मिक्सरचं वेगळं होतं. तो प्रयोग होता."

झालं. बेलचं बटण दारावर राहिलं आणि मी त्याच्या डब्यात गेलो. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली, बेल बिघडलीय, टकटक करा. सगळ्यांना सांगितलं तिने. वायऱ्याला नाही सांगितलं. ज्याने बेल उपटली त्याला काय सांगायचं, असं तिला वाटलं. माणसाच्या डोक्यावर एवढा भरवसा ठेवू नये.

मग त्यांचं भांडण झालं. कारण साधंच. ती काहीतरी महत्त्वाचं सांगत होती आणि तो मान डोलावत होता. मान तालात डोलत होती, हे तिच्या लक्षात आलं.

"मी काय म्हणाले सांग."

"सगळं सांगू?"

"शेवटचं सांग. नुसतं शेवटचं वाक्य."

नाही आलं. तो डबे पिशवीत भरून निघून गेला. ती म्हणाली, जा. तो म्हणाला, जातोच. आणि गेला ना खरंच!

थोड्या दिवसांनी त्याला पश्चात्ताप झाला. तो परत आला. पाठीला पिशवी, कानांवर हेडफोन. दारासमोर उभा राहिला, केस नीट केले आणि बेलचं बटण दाबलं.

आता नीट लक्ष द्या. तो बेल दाबत होता, आणि बेल त्याच्याच पाठीवरच्या पिशवीत होती.

मी काय करणार? मला बॅटरी नव्हती. काहीच वाजलं नाही, हेही त्याला कळलं नाही, कारण कानांवर हेडफोन. त्याने परत दाबलं. मग परत. दाराच्या फटीतून आतला दिवा दिसत होता. ती आत होती. त्याची वाट बघत होती. दोघांच्या मध्ये एक दार होतं आणि ते ठोठावायला त्याचे दोन्ही हात मोकळे होते. पण नाही. पायऱ्या उतरताना तो स्वतःशीच म्हणाला, "नाही उघडलं तिने. संपलं."

घरी जाऊन त्याने मला लिहिलं. 'बेल वाजवून थकलो मी, दार तुझं उघडेना, दिवा तुझ्या घरात होता, सावली का हलेना.' आणि सुरुवातीला काय लावलं? टिंग-टुंग. त्याच बेलचा आवाज! स्वतःच्या हातांनी डब्याचं बटण दाबून त्याने तो रेकॉर्ड केला, तेव्हाही त्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट डोळे पुसले. म्हणाला, "तिच्या बेलसारखाच वाटतोय."

सारखाच!

तिच्या वाट्याला त्याने दोनच शब्द लिहिले होते, 'दार बंद', आणि पुढे भरपूर 'आ आ'. दोघं बोलत नव्हते, म्हणून रेकॉर्डिंग वेगवेगळ्या दिवशी. तो गाऊन गेला. दुसऱ्या दिवशी ती आली. स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट म्हणजे एक शांत, दाढीवाला माणूस. त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि मला सुरू केलं. टिंग-टुंग ऐकून ती खुर्चीतून उठलीच.

"ही माझी बेल आहे!"

"असेल," दाढीवाला म्हणाला.

तिने पूर्ण ऐकलं. पूर्ण, शेवटपर्यंत. आजवर मला असं ऐकणारी ती पहिली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे हा आला होता. आला होता आणि बेल दाबत बसला. अरे देवा!"

"फोन करा ना त्यांना. सांगून टाका."

"मी? फोन? माझ्या नावाने गाणं रचलंय त्याने. गाण्यात विचारलंय ना? मग मी गाण्यातच सांगणार. शेवटी जागा आहे का?"

"जागा काय, करू. पण दादा, भांडण तुमचं. मी मध्ये पडणार नाही. मी फक्त आवाज कमी-जास्त करतो." दाढीवाला सगळ्यांनाच दादा म्हणतो.

आणि तिने तिथेच, उभ्या उभ्या, माझं शेवटचं कडवं रचलं.

'बेल तुझ्याच डब्यात होती, वाजणार ती कुठून?
आतच होते मी वाट बघत, गेलास कसा रे तिथून?
हात तुझे रिकामे होते, टकटक तरी करायचीस.'

"शेवटच्या ओळीला यमक नाही," दाढीवाला म्हणाला.

"आमचं तरी कुठे जुळलं?" ती म्हणाली.

दाढीवाल्याने त्यात स्वतःची कलाकारी केली. सगळी वाद्यं धाडकन थांबवली. मग शांतता. इतकी लांब की वाटावं, संपलं. आणि त्यानंतर ती एकटी, नुसत्या बेलवर. फार सुंदर झालं, खोटं कशाला बोलू? पण त्या शांततेनेच माझा घात केला.

तेव्हापासून मला एकच काम होतं, तिचं उत्तर त्याच्यापर्यंत पोचवायचं. म्हटलं, सोपं आहे. त्याचंच गाणं आहे, ऐकेलच की.

त्याने ऐकलं ते असं. स्वतःच्या ओळी आल्या की आवाज मोठा, तिचं 'आ आ' आलं की पाणी प्यायला उठणार. शांतता आली तसे त्याने हेडफोन काढले. "झकास. सोडून दे बाजारात." दाढीवाल्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मध्ये पडणार नव्हता ना तो! दादा कुठला!

मग मी गाजलो. आणि माझे हाल सुरू झाले.

एका समीक्षकाने लिहिलं, 'सुट्टीवर जाताना गाडीत लावावं असं प्रसन्न गाणं'. व्यायामशाळेतल्या मास्तराने मला उठाबशांना लावलं. माझ्यात एक माणूस उद्ध्वस्त होतोय आणि हा ओरडतोय, "अजून खाली! अजून खाली!" दातांच्या डॉक्टरांनी मला दवाखान्यात लावलं, का, तर ड्रिलचा सूर माझ्याशी जुळतो. एका लग्नात नवरा-नवरी माझ्यावर नाचले. मी प्रेम संपल्याचं गाणं आहे हो! पण ते हसत होते, आणि नवरीचे मामा शिट्ट्या वाजवत होते. आणि या सगळ्यांनी शांतता आली की मला बंद केलं. रेडिओवाली तर तेवढीही थांबायची नाही, शांततेच्या आधीच ट्रॅफिक सांगायला लागायची.

मी मनातल्या मनात ओरडायचो, "अरे संपलो नाहीये! थांबा जरा!" तोवर दुसरं गाणं लागलेलं असायचं.

माझे हाल एकवेळ सोडा. तिचे बघा. सगळ्या गावाने ऐकलं होतं की बिचारा बेल वाजवून थकला आणि हिने दार उघडलं नाही. उत्तर कुणीच ऐकलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात एक आजोबा खुर्चीत बसून म्हणाले, "नंबर नंतर काढ गं पोरी. आधी सांग, का नाही उघडलंस दार?" भाजीच्या दुकानात मी वाजत असताना एक काकू तिला म्हणाल्या, "एवढा काय तो ताठा? उघडायचं की!" आई फोनवर म्हणाली, "माझ्या भिशीतल्या बायका माझ्याकडे बघून टिंग-टुंग करतात."

"आई, गाणं शेवटपर्यंत ऐकलंस का?"

"ऐकलं ना. चांगलं आहे. पण तू उघडायला हवं होतंस."

सख्ख्या आईने! पुढे पुढे तर पोरं तिच्या दाराबाहेर येऊन मला मोबाइलवर लावायची, दार उघडतंय का बघायची आणि पळून जायची. ती आतून किंचाळायची. बरोबरच होतं तिचं.

मला मग एक नोकरी लागली. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीने मला फोनवर ठेवलं. लोक तक्रार करायला फोन करतात, त्यांना थांबवून ठेवतात, तेव्हा मी वाजतो. गाण्याच्या आयुष्यात याहून खालची पायरी नाही. मला ऐकणारा प्रत्येक माणूस आधीच चिडलेला असतो. आणि शांतता आली की त्याला वाटतं फोन कट झाला, मग तो शिव्या देतो. त्या शिव्या कंपनीला असतात, पण कान माझे.

आणि एक दिवस फोन आला. मशीन पाणी सोडत नाही अशी तक्रार होती. आवाज ओळखीचा होता. वायऱ्या!

फोन घेणाऱ्या मुलीने त्याला म्हटलं, "एक मिनिट थांबा सर," आणि ती डबा खायला गेली. देव तिचं भलं करो. वायऱ्याने फोन स्पीकरवर टाकला आणि तुंबलेल्या मशीनमधलं पाणी तांब्याने उपसायला बसला. हात ओले, म्हणून फोन बंद करता येईना. पाणी उडेल म्हणून हेडफोनही काढून ठेवलेले.

मी वाजायला लागलो. तो वैतागला. "माझंच गाणं मलाच ऐकवतात." पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, 'आ आ' गेलं. शांतता आली. तो म्हणाला, "गेला वाटतं फोन." आणि मग ती गायला लागली.

'बेल तुझ्याच डब्यात होती…'

तांब्या पडल्याचा आवाज मी ऐकला. या नोकरीत मला पहिल्यांदाच कुणीतरी फोनच्या त्या बाजूने शांतता दिली.

"हॅलो सर, थांबवल्याबद्दल माफ करा. काय तक्रार आहे?"

"मला परत होल्डवर ठेवा."

"काय?"

"ताई, पाया पडतो, परत होल्डवर ठेवा. ते शेवटचं… ते परत ऐकायचंय."

"सर, मशीनचं काय?"

"मशीन गेलं खड्ड्यात!"

त्याच संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्यावर. डब्यातून मला काढून आणलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर काढला, वायरी जोडल्या, बेलचं झाकण लावलं. हे सगळं दाराबाहेर पायऱ्यांवर बसून, मुकाट्याने. मी परत माझ्या जागेवर होतो. मग त्याने केस नीट केले आणि बटण दाबलं.

टिंग-टुंग!

आतून ती ओरडली, "आली परत कार्टी! गाणं बंद करा, नाहीतर पाणी ओतीन अंगावर!"

"अगं, मी आहे!"

"हो, सगळे हेच सांगतात! निघा!"

त्याने परत दाबलं. मी परत वाजलो. आत बादली भरत असल्याचा आवाज यायला लागला.

तर अशी माझी कहाणी. ज्या बेलने दार उघडायचं, त्याच बेलमुळे आता दार उघडत नाही. मी थकलोय. तुम्हीही बराच वेळ ऐकलंत, आभारी आहे. संपलं.

.

.

.

गेले ना सगळे? मला माहीतच होतं.

तुम्ही आहात अजून? खरंच? बरं, मग ऐका.

तिसऱ्यांदा दाबायला त्याने बोट पुढे केलं आणि माझ्यापासून एवढ्याशा अंतरावर थांबला. बोट मागे घेतलं. मूठ वळली. आणि दारावर टकटक केली. हळू, जवळजवळ लाजत.

त्या दाराबाहेर इतकी कार्टी येऊन गेली होती. कुणी मला मोबाइलवर लावायचं, कुणी नुसतंच बटण दाबायचं. टकटक त्यांच्यातल्या कुणीच केली नव्हती, कारण टकटक माझ्या शेवटच्या ओळीत आहे.

आत नळ बंद झाला.

मग कडी वाजली.