महाराजांनी नाकारलेला प्रसाद

अमावस्येची दुपार. केमच्या अलीकडच्या वाडीत मानसिंग महाराजांच्या मठापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. करमाळ्याहून जीपा भरून माणसं आली होती, कारण आज शिवराजच्या अंगातलं भूत निघणार होतं. सोजरबाईचा हा एकुलता एक मुलगा दोन महिने झोपला नव्हता. भिंतीशी बोलायचा, कुणी जवळ आलं की दगड उचलायचा. परवापासून त्याला मठात ठेवून अंगारा चारत होते. आणि आता भर गर्दीसमोर, खांबाला बांधलेल्या शिवराजची मान आपोआप वळू लागली. हनुवटी खांद्याला टेकली, डोळे वर चढले, जीभ बाहेर आली. कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

"बगा, बगा! मुंजा मानेतनं वाट काढतोय!" महाराज गरजले. "अमेरिकेचा डाक्टर हितं हात टेकून गेलाय! तांब्या आना, पाजा पानी, म्हंजी सुटंल!"

अमेरिकेचा डॉक्टर वाडीत कधी आला आणि त्याला चहा कुणी पाजला, हे विचारायची सोय नव्हती. बायका पदर पसरून रडत होत्या. गर्दीत उभ्या असलेल्या बुद्धप्रियाला मात्र रडू येत नव्हतं. ती दातओठ खात होती.

तेरा वर्षांपूर्वी ह्याच खांबाला तिचा भाऊ धम्मदीप बांधलेला होता. घर सोलापूरचं, भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेलं. पण तरणाताठा मुलगा रात्रीबेरात्री ओरडत उठू लागला की भिंतीवरचं भिंतीवरच राहतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून आई शालनबाई त्याला इथे घेऊन आली. त्याचीही मान अशीच वळली होती. महाराजांनी तशाच मानेने त्याला पाणी पाजायला लावलं, ते श्वासात गेलं आणि धम्मदीप संपला. "भूत जाताना मानूस घिऊन गेलं," असं सांगून महाराज जेवायला बसले.

बुद्धप्रिया मनाच्या आजारांचं समाजकार्य शिकली ती एका संस्थेच्या स्कॉलरशिपवर. अट एकच होती. शिक्षण झालं की दोन वर्षं अशा भागात काम करायचं, जिथे मानसोपचार अजून पोहोचलेला नाही. दुसऱ्या वर्षी वॉर्डात सरांनी एक रोगी दाखवला. मान वळलेली, डोळे वर, जीभ बाहेर. "घाबरू नका," सर म्हणाले, "भ्रमावरच्या काही गोळ्यांनी असं होतं. एका इंजेक्शनने उतरतं." बाकीची मुलं लिहून घेत होती. बुद्धप्रिया बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. म्हणजे त्या अंगाऱ्यात गोळ्या होत्या!

नेमणुकीच्या वेळी सगळ्यांनी शहराजवळची गावं मागितली, हिने ही वाडी मागितली. साहेबांनी तिच्या सेवाभावाचं तोंडभरून कौतुक केलं. सेवा कसली डोंबलाची! ती सूड घ्यायला आली होती.

तांब्या आला तशी ती गर्दी फोडून पुढे झाली. मागोमाग आरोग्य केंद्राच्या डॉक्टर महेश्वरी होत्या.

"काकू, पाणी पाजू देऊ नका," ती सोजरबाईला म्हणाली. "माझा भाऊ ह्याच खांबापाशी असाच मेला. एक सुई देऊ द्या. गुण आला नाही, तर मला बांधा इथे."

सोजरबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग महाराजांच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला. "द्या बाई सुई. लई झालं ह्येंचं."

गर्दी कुरकुरली, पण आईपुढे कोण बोलणार? डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मान सैल पडली, डोळे खाली आले, जीभ आत गेली. शिवराज पुटपुटला, "आये, तान लागलीया." आणि तो स्वतःच्या हाताने पाणी प्यायला.

"बगितलं का!" महाराज लगेच ओरडले. "माज्याच अंगाऱ्याचा गुन! सुई नुसतं निमित्त!"

"व्हय, व्हय," गर्दी म्हणाली. गर्दीचं हे असंच असतं.

बुद्धप्रिया ह्याच वाक्याची वाट बघत होती. तिने अंगाऱ्याची वाटी उचलून महाराजांपुढे धरली. "खरंय, गुण तुमचाच. मग शिवराजला दिलात तेवढा प्रसाद आधी तुम्ही घ्या."

"माजा आज उपास हाय."

"अंगाऱ्यानं उपास मोडत न्हाय, तुमीच सांगितलंय की," गर्दीतून म्हातारी बजाबाई बोलली. "अन् प्रसाद नाकारतो त्येच्या अंगात भूत असतंय, ह्ये बी तुमचंच. माज्या सुनंनं नाकारला तवा तिला चाबकानं फोडलीसा. खावा की आता."

बुद्धप्रियाने वाटी महाराजांच्या ओठांपर्यंत नेली. महाराजांनी हाताचा फटका मारून ती उडवली आणि ते किंचाळले, "मला मारतीस व्हय गं?"

राख मातीत सांडली. महाराजांचे शब्द सगळ्या वाडीने ऐकले होते.

"ऐकलंत?" बुद्धप्रिया म्हणाली. "ह्या राखेत गोळ्यांची पूड आहे. डॉक्टर ती मापून देतात, लक्ष ठेवतात, तेव्हा रोगी सुधारतो. हा चिमटीने देतो. मान वळते ती गोळीने, नंतर माणूस गप्प बसतो तोही गोळीनेच. भूत आलंही नव्हतं आणि गेलंही नाही."

मग गर्दी उलटली. शिवराजचा सोडलेला दोर कुणीतरी मानसिंगच्या कमरेला आवळला आणि त्याला खांबाला बांधलं. चाबूकही सापडला. तेरा वर्षं बुद्धप्रियाने हेच स्वप्न पाहिलं होतं. खोटं कशाला बोला, दोराची गाठ बसेपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. चाबूक उगारला गेला तेव्हा मात्र ती म्हणाली, "हात लावू नका. ह्याची मान सरळच राहिली पाहिजे. कोर्टात ह्याचं तोंड सगळ्यांना दिसू दे."

पोलिसांना धुनीमागच्या पोत्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं मिळाली आणि तपासणीत अंगाऱ्यातही तेच औषध निघालं. मानसिंग आता तुरुंगात आहे. धम्मदीपचं प्रकरण पुन्हा उघडलंय आणि शालनबाई पहिली साक्षीदार आहे. शिवराज मापाचं औषध घेतो, रात्री झोपतो, दिवसा शेतात जातो.

दर अमावस्येला बुद्धप्रिया डॉक्टरांना घेऊन त्याच मठापुढे टेबल टाकून बसते. दिवस तिने मुद्दाम तोच ठेवलाय, कारण लोकांच्या पायांना तीच सवय आहे. करमाळ्याच्या जीपा अजूनही भरून येतात. मानसिंगची सगळी रांग तिने पळवली. दोन वर्षांची अट संपली तरी ती तिथून हललेली नाही.

तुमच्याही गावात असा एखादा खांब असेल. घरातलं माणूस वेगळं वागू लागलं तर त्याला दवाखान्यात न्या. पोट दुखतं तसं मनही दुखतं, आणि बरंही होतं. तरीही कुणी अंगारा पुढे केलाच, तर आधी त्याला खायला लावा.