कान कोरडा होईपर्यंत

मिरचीचा तोडा अर्ध्यावर टाकून मावशी भिंगरीला घेऊन शाळेत पोचली, तेव्हा रांग फाटकापर्यंत आली होती. कानांची तपासणी होती. कानाचे मोठे डॉक्टर वर्षातून एकदाच येत, आणि त्यांनी नाव लिहिलं तरच कानात घालायचं यंत्र मिळे.

भिंगरी दहा वर्षांची, मावशीच्या मेलेल्या बहिणीची पोर. डावा कान ठार बहिरा, उजवा दोन वर्षं वाहत होता.

"किती वेळा म्हटलं, तेल कोमट करून टाक," मागून शिंपीण म्हणाली. "पण ऐकशील तर शपथ!"

"डॉक्टर नको म्हणालेत. पडद्याला भोक आहे."

"कुठला डॉक्टर? आपला गावातला तर म्हणतो, पोरगी माझ्याकडं कधी आलीच नाही."

मावशीनं नुसताच पदर सारखा केला. ती दर महिन्याला दोन गाड्या बदलून दूरच्या दवाखान्यात जायची. भिंगरीला जन्मापासून एचआयव्ही होता, आईकडून आलेला. गावाला ते ठाऊक नव्हतं, शाळेला नव्हतं. मावशीच्या मते भिंगरीलाही नव्हतं. रोजची गोळी 'ताकदीची' होती. शरीराची लढायची ताकद कमी पडली की कानातला साधा पूही हटत नाही, हे तिकडच्या डॉक्टरांनी मावशीला हळू आवाजात समजावलं होतं. भिंगरी समोरच बसली होती. तिला काय ऐकू जाणार, असं दोघांनाही वाटलं.

रांगेत सगळेच कमी ऐकणारे, म्हणून व्हरांड्यातल्या नर्सबाई सगळं ओरडूनच विचारत होत्या.

"आजोबा, दिवसाला विड्या किती?"

"हळू विचारा की बाई, म्हातारी मागंच उभी आहे!"

सगळे हसले. मावशी हसली नाही.

शेजारच्या टेबलाशी डॉक्टरांनी नर्सबाईंनी लिहिलेला कागद वाचला आणि भिंगरीच्या कानात उजेड टाकून पाहिलं. "यंत्राचा फायदा होईल हिला. पण वाहत्या कानात ते बसवता येत नाही. दोन वर्षं औषध घालूनही वाहतो? दुसरा काही आजार आहे? रोजची गोळी?"

मावशी पुढं वाकली. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

"मोठ्यानं सांगा!" नर्सबाई ओरडल्या. "दुसरा आजार? रोजची गोळी?"

शिंपीण एक पाऊल पुढं सरकली.

सांगितलं तर डॉक्टर योग्य उपचार लिहून देतील, कान सुकेल, यंत्र मिळेल. आणि उद्यापासून वर्गात भिंगरीशेजारी कुणी बसणार नाही. न सांगितलं, तर शेजारी बसलेल्याचं बोलणं तिला कधी ऐकूच येणार नाही.

"नाही," भिंगरी म्हणाली. गरजेपेक्षा मोठ्यानं, ती नेहमी बोले तशी. "मला आजार नाही. गोळी पण नाही."

मावशीनं चमकून पाहिलं. पोरगी तिच्या ओठांकडं बघत होती, न फुटलेले शब्द ओठांवरून वाचत होती. किती वर्षं बघत होती, कोण जाणे.

"मग हा निष्काळजीपणा झाला," डॉक्टर मावशीला म्हणाले. "आंघोळीत पाणी जात असणार. कान कोरडा ठेवा आणि पुढच्या वर्षी या."

"मी तरी काय सांगत होते!" शिंपीण म्हणाली. "पोटची असती, तर असा वाहू दिला असता का?"

"चुकलंच माझं," मावशी म्हणाली. साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली.

फाटकाबाहेर भिंगरीनं तिचा हात ओढला. "मावशे, बरोबर बोलले ना मी?"

मावशीनं आधी तोंड दुसरीकडं फिरवलं, आणि मगच उत्तर दिलं.