रोजची माफी

बारकीच्या डोक्याला मार लागून दीड महिना होऊन गेला होता, आणि आता तिला डोक्यापेक्षा माणसांचाच त्रास जास्त होत होता.

झालं होतं ते असं. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा सराव चालू होता. चेंडू नेमका दोघींच्या मधे पडायला आला. बारकी झेपावली, आणि शेजारची ताडमाड पोरगी, जिला सगळे जिराफ म्हणत, तीही झेपावली. जिराफचा गुडघा बारकीच्या कानशिलावर बसला. बारकी उठली, कपडे झटकले, "काही नाही झालं" म्हणाली, दोन सर्व्हिसही मारल्या आणि मग मैदानाच्या कडेला जाऊन भडाभडा ओकली. हे सगळं तिला इतरांनी सांगितलेलं. तिच्या आठवणीतला तो दिवस बुटाची नाडी बांधण्यापाशीच संपत होता.

दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले. त्यात काही निघालं नाही. "मेंदूला हादरा बसलाय. विश्रांती घ्यायची आणि धीर धरायचा," डॉक्टर म्हणाले. घोळ तिथूनच सुरू झाला. पाय मोडला असता तर निदान प्लास्टर तरी दिसलं असतं. बारकीला दाखवायला काहीच नव्हतं.

त्यात आईचं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. बाबांनी बारकीच्या खिडकीला काळा कागद चिकटवून दिला होता, पण ड्रायरच्या आवाजाला कसला कागद लावणार? ड्रायर सुरू झाला की कुणीतरी कानात स्क्रू पिळतंय असं वाटायचं. ती उशीखाली डोकं घालून पडायची. मग केस कापून झालेली एखादी बाई पडद्याआडून डोकावायची.

"अगं, दिसायला तर ठणठणीत आहेस की!"

दुसरी म्हणायची, "माझा भाचा झाडावरून पडला होता, तो तर वर्गात पहिला आला." तिसरीचं निदान ठरलेलं असायचं, "सगळं त्या मोबाईलमुळे होतं." बारकीने मोबाईल हातात धरून कितीतरी दिवस झाले होते. अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची.

आणि शब्द हरवायचे. एकदा आईने कंगवा मागितला तेव्हा बारकी म्हणाली, "चमचा ना? देते." खुर्चीतली बाई खो खो हसली. बारकीने हातातला टॉवेलांचा गठ्ठा जमिनीवर आपटला आणि आत जाऊन ढसाढसा रडली. एवढा संताप येतो कुठून, हेच तिला कळेना. आधी ती अशी नव्हती. डॉक्टर म्हणाले, "चिडचिड हाही दुखण्याचाच भाग आहे, होईल कमी." कधी होईल ते मात्र सांगेनात.

व्यायाम शिकवणाऱ्या ताई आठवड्यातून एकदा यायच्या. नाकासमोर पेन धरायचं, नजर टोकावर ठेवायची आणि मान नाही-नाही अशी हलवायची. चार वेळा मान हलवली की खोली गरगरायची.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, रोज संध्याकाळी जिराफ यायची. पलंगाशेजारी स्टूल ओढून, पाय दुमडून बसायची.

"खूप दुखतंय का गं?"

"नाही."

"माझ्यामुळे झालं सगळं."

"नाही गं."

"तू रागावली आहेस ना माझ्यावर?"

"नाही म्हटलं ना!"

मग जिराफचे डोळे भरायचे, आणि पाणी आणायला बारकीच उठायची. भिंतीला धरून जायची आणि भिंतीला धरून यायची. पार्लरमधल्या बायका हळहळायच्या, "किती मायाळू पोर आहे!"

एका संध्याकाळी पेनाचा व्यायाम करून बारकीला मळमळत होतं. जिराफ आली, स्टूल ओढलं. "सॉरी गं," तिने सुरुवात केली.

"बास!" बारकी ओरडली. "रोज येऊन डोकं खातेस माझं! लागलंय मला, आणि समजूत मी तुझी काढायची? जा, घरी जा!"

पुढच्या खोलीतला ड्रायर बंद पडला. जिराफने स्टूल जागेवर ठेवलं आणि ती निघून गेली.

"ही काय बोलायची पद्धत?" आई दारात येऊन म्हणाली. बारकीने भिंतीकडे तोंड केलं.

जिराफ यायची थांबली. बारकीला आधी हायसं वाटलं. मग एके दुपारी खेळाच्या सरांचा आईला फोन आला. जिराफने संघ सोडला होता. "तुमच्या लेकीने काही सांगितलं तर ऐकेल," असं सर म्हणाले.

बारकीचं टाळकंच सरकलं. आई एका बाईच्या केसांना रंग लावण्यात गुंतली होती. बारकीने काळा चष्मा लावला, टोपी ओढली आणि मागच्या दाराने सटकली.

जिराफच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. एरवी पळत जाण्याइतकं अंतर, पण आज प्रत्येक हॉर्न टाळूत घुसत होता. ती पोचली तेव्हा जिराफ दुकानात एकटीच होती. ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होती.

"खेळायचं का सोडलंस?"

जिराफ दचकली. "तू खेळू शकत नाहीस. मग मी कोणत्या तोंडाने खेळू?"

"म्हणजे तुझं खेळणंही माझ्याच बोकांडी? मी कुणाकुणाचं बघू?"

जिराफने ट्यूब टबात फेकली. पाणी दोघींच्या अंगावर उडालं.

"आणि तू गं? चेंडू घेताना 'माझा' म्हणून ओरडायचं असतं. मी ओरडले होते! तू ओरडली नाहीस, आणि घुसलीस मधे! तुला सगळेच चेंडू हवे असतात. नेहमीच!"

बारकी बघतच राहिली. तिच्याशी असं कुणीही कितीतरी दिवसांत बोललं नव्हतं.

"खरंच ओरडली होतीस?"

"हो."

"मला काहीच आठवत नाही."

"माहीत आहे. म्हणून तर बोलले नाही."

"मग रोज माफी कसली मागत होतीस, बावळट?"

"गुडघा तर माझाच होता ना!" जिराफ रडकुंडीला येऊन म्हणाली.

बारकीला हसू फुटलं, आणि त्याच क्षणी दुकान फिरायला लागलं. ती मटकन खाली बसली. जिराफने तिला एका हाताने सावरलं, दुसऱ्या हाताने दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आणून सोडलं. आईने दोघींना फैलावर घेतलं. "अक्कल गहाण टाकली होतीत का?" पुढचे दोन दिवस बारकी उठू शकली नाही.

त्या वर्षी बारकी खेळली नाही. डॉक्टरांनी साफ नकार दिला, पुढच्या वर्षीचंही "बघू" म्हणाले. आईने ड्रायरची कामं सकाळी ठेवली आणि बारकी सकाळची अर्धी शाळा करू लागली. आधी दहा ओळी वाचता आल्या, मग एक पान. भडका अजूनही उडायचा. एकदा तिने पेनच भिरकावलं. "नेम बरा आहे," असं म्हणत व्यायामाच्या ताईंनी ते उचलून परत तिच्या हातात दिलं.

जिराफ संघात परतली आणि पहिलीच मॅच हरून आली. रविवारी पलंगावर आडवी पडून ती एकेक गुण कसा गेला ते सांगू लागली. बारकीच्या जागी आलेली नवी पोरगी पायच हलवत नाही म्हणे.

"पाय हलवत नाही म्हणजे? सर काय झोपा काढतात?" बारकी तणतणली. "थांब, नीट पहिल्यापासून सांग."

जिराफने पहिल्यापासून सांगायला घेतलं. दुसरा सेट अर्ध्यावर आला तेव्हा बारकीला गाढ झोप लागली होती.